पाठीवर टेकलेला हात

बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला असताना वसतिगृहाच्या कॉमन रूममध्ये आम्ही अकरा जणी एका छोट्या टीव्हीसमोर दाटीवाटीनं बसलो होतो. साल २००४, दिवस पावसाळ्याचे. मैदानात घोटाभर चिखल झाला होता, त्यामुळे संध्याकाळचा सराव बंद. कुणीतरी सीडी घेऊन आली, म्हणाली, खेळाचा पिक्चर आहे, बघू. इंग्रजी आमच्यातल्या निम्म्या जणींना धड कळत नव्हतं, पण खेळ कळत होता. आणि शेवटाकडे दवाखान्याचा प्रसंग आला तेव्हा भाषेची गरजच उरली नाही.

पलंगावर जेरी पडलाय. गोरा, संघाचा कर्णधार, अपघातात कमरेखालचं शरीर गेलेलं. दारात ज्युलियस उभा आहे. कृष्णवर्णीय, त्याच संघातला. शिबिरात हे दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. नर्स ज्युलियसला अडवते, आत फक्त घरच्या माणसांना सोडतात म्हणते. पलंगावरून जेरी तिला सांगतो की हा माझा भाऊच आहे, चेहऱ्यावरून ओळखू येत नाही का तुम्हाला? आम्ही सगळ्या ढसाढसा रडलो. गोळाफेकीत विद्यापीठात पहिली आलेली, एरवी दगडासारखी असणारी आमची एक सीनियरसुद्धा ओढणीनं डोळे पुसत होती.

माझी खोलीतली मैत्रीण मात्र उठून गच्चीवर गेली. वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून. ती मराठवाड्यातली, थाळीफेक करायची. रात्री दिवा मालवल्यावर मी तिला विचारलं, "तुला नाही आवडला का गं?" बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आवडला. पण तुम्ही सगळ्या रडून मोकळ्या झालात. मला तसं मोकळं होता येईना."

ते वाक्य माझ्यापाशी राहिलं ते आजतागायत. पुढं मी क्रीडाशिक्षिका झाले. तो चित्रपट, ‘रिमेम्बर द टायटन्स’, नंतर आणखी पाच-सहा वेळा पाहिला. दर वेळी दवाखान्याच्या प्रसंगाला डोळे भरून आले आणि दर वेळी गच्चीवरून कपडे गोळा करून आणणारी ती आठवली.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चित्रपट २००० सालचा, दिग्दर्शक बोआझ याकिन. गोष्ट १९७१ सालची, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहरातली. वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदी ओलांडली की हे शहर लागतं. शाळांची पुनर्रचना होते, गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं टायटन्स नावाच्या एका अमेरिकन फुटबॉल संघात येतात. वर्षानुवर्षं लोकप्रिय असलेल्या गोऱ्या बिल योस्ट यांना डावलून हर्मन बून या कृष्णवर्णीय माणसाला मुख्य प्रशिक्षक नेमतात. बूनचं काम डेन्झेल वॉशिंग्टननं केलंय. योस्ट सहायक म्हणून थांबतात. मुलं आधी भांडतात, मग एक होतात आणि सगळे सामने जिंकतात. सुमारे ३ कोटी डॉलरमध्ये काढलेल्या या चित्रपटानं १३ कोटींहून जास्त मिळवले. सामन्याच्या आदल्या रात्री आपल्या मुलांना तो दाखवणारे प्रशिक्षक आजही अमेरिकेत आहेत. ४ नोव्हेंबर २००८च्या रात्री शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये बराक ओबामांचं विजयाचं भाषण संपलं आणि वाद्यसंगीत सुरू झालं, ते याच चित्रपटातलं होतं, ट्रेव्हर रॅबिनचं. एका शाळेच्या संघाच्या गोष्टीसाठी रचलेले सूर देशाच्या पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षाच्या विजयाला वाजले. म्हणजे रडणाऱ्या आम्ही काही एकट्या नव्हतो.

पटकथा लिहिणारे ग्रेगरी ॲलन हॉवर्ड स्वतः कृष्णवर्णीय. ते अलेक्झांड्रियात राहायला आले आणि तिथं एका न्हाव्याच्या दुकानात त्यांच्या कानावर या संघाची गोष्ट पडली. हे मला फार खरं वाटतं. आपल्याकडेही गावाच्या जुन्या संघाच्या गोष्टी पारावर नाहीतर सलूनमध्येच जिवंत असतात. अमुक साली आपल्या पोरांनी तालुक्याला कसं लोळवलं, हे दाढी करता करता सांगितलं जातं, आणि दर वेळी त्यात एखादा गडी जास्त बाद होतो.

या गोष्टीतही तसं झालंय. चित्रपटात अंतिम सामना शेवटच्या क्षणापर्यंत हातातून निसटत असतो. प्रत्यक्षात रोअनोक शहरात झालेल्या त्या सामन्यात टायटन्सनी अँड्र्यू लुइस शाळेला २७-० असं धुतलं. मोसमात १३ सामने खेळले, १३ जिंकले. मोसमाच्या मध्यावर मार्शल शाळेशी झालेला सामना तेवढा चुरशीचा होता, तो चित्रपटानं उचलून शेवटी ठेवला. जेरी बर्टियरचा अपघात अंतिम सामन्याच्या आधी झालाच नाही. तो झाला मोसम संपल्यावर, ११ डिसेंबर १९७१च्या रात्री, संघाच्या सत्काराच्या मेजवानीनंतर. चित्रपटात बाकी सगळे संघ गोरेच दाखवलेत, पण तोवर त्या भागातल्या इतर शाळांमध्येही दोन्ही वर्णांची मुलं खेळत होती. खुद्द टायटन्सची शाळा, टी. सी. विल्यम्स हायस्कूल, १९६५ साली सुरू झाली तीच मिश्र शाळा म्हणून. १९७१ साली झालं ते एवढंच की शहरातल्या तीन हायस्कूलांमधली अकरावी-बारावीची सगळी मुलं या एका शाळेत आणली. संघ इतका तगडा होण्याचं एक साधं कारण तेच होतं. तीन शाळांचे उत्तम खेळाडू एका संघात आले होते.

हे सगळं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कुणीतरी फसवल्यासारखं झालं. अलेक्झांड्रियाच्या जुन्या लोकांनीही चित्रपट आल्यावर हेच म्हटलं, की आमचं शहर असं नव्हतं, इतकं वाईट नव्हतं. पण त्यांचं म्हणणं मला पुरतं पटत नाही. कारण चित्रपटात जे बदललं त्यापेक्षा जे आलंच नाही ते मला मोठं वाटतं, आणि ते जास्त वाईट होतं.

ज्यांच्या नावानं ती शाळा होती, ते थॉमस चेंब्लिस विल्यम्स शहराच्या शाळांचे अधीक्षक होते आणि गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवण्याचे कट्टर विरोधक. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वर्णावरून वेगळ्या शाळा घटनेविरुद्ध ठरवल्या. व्हर्जिनिया राज्यानं तो निकाल मोडून काढायचा चंग बांधला. कृष्णवर्णीय मुलांना आत घ्यायची वेळ आली तेव्हा १९५८ साली काही शाळांना चक्क टाळं ठोकलं. प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या सरकारी शाळा तर १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षं बंद होत्या. पहिलीतलं पोर तेवढ्यात पाचवी ओलांडतं.

अलेक्झांड्रियात ब्लॉइस हंडली नावाची बाई कृष्णवर्णीय मुलांच्या एका शाळेत स्वयंपाकीण होती. आपल्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून ती इतर पालकांबरोबर न्यायालयात गेली. १९५८ साली विल्यम्स यांनी तिला नोकरीवरून काढून टाकलं. पुढच्या वर्षी, १० फेब्रुवारी १९५९ रोजी, न्यायालयाच्या आदेशानं नऊ कृष्णवर्णीय मुलं शहरातल्या गोऱ्यांच्या शाळांमध्ये शिरली.

मला ही बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. रोज सकाळी शेकडो मुलांचं अन्न शिजवणारी, हाताला वाफेचे चटके बसलेली, आणि एके दिवशी घरी सांगणारी की उद्यापासून जायचं नाही. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत. त्यांच्या मानधनाची तारीख चार दिवस पुढं गेली तर घरात काय होतं ते मी पाहिलंय. हातातली नोकरी पणाला लावून कोर्टाच्या कागदावर सही करायची म्हणजे काय, हे मला मैदानावरच्या कुठल्याही शौर्यापेक्षा मोठं वाटतं. जेरी आणि ज्युलियस एका संघात आले ते अशा माणसांनी आधी दार उघडलं होतं म्हणून. १९७१ साली त्यांच्या छातीवर ज्या शाळेचं नाव होतं, ते दार बंद ठेवू पाहणाऱ्याचं होतं. ते नाव बदलायला २०२१ साल उजाडलं. आता ती शाळा अलेक्झांड्रिया सिटी हायस्कूल आहे. बून आणि योस्ट दोघेही त्याच्या दोन वर्षं आधी, २०१९ सालीच गेले.

मैत्रिणीला हे सगळं फोनवर सांगितलं तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे आधी कोर्ट, मग पोरं, मग पिक्चर. आणि बघणाऱ्याला वाटतं की आधी पोरांची मनं बदलली."

तरीही हा चित्रपट मला खोटा म्हणवत नाही. त्यात दोन जागा अशा आहेत जिथं तो मनं बदलण्याच्या गोष्टीपलीकडं जातो, आणि या जागांना सहसा कुणी रडत नाही.

पहिली जागा बसची. संघ शिबिरासाठी पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग कॉलेजला निघालाय. सवयीनंच गोरी मुलं एका बसमध्ये चढलीत, काळी दुसऱ्या. बून सगळ्यांना खाली उतरवतो आणि नव्यानं चढवतो, चढाई करणारे एका बसमध्ये आणि बचाव करणारे दुसऱ्यात. सीटवर शेजारी कोण हे खेळातल्या जागेवरून ठरतं. कुणाला आवडतंय का, हे तो विचारत नाही. मला शिक्षिका म्हणून इथं दर वेळी उठून टाळी वाजवावीशी वाटते. सहलीच्या एसटीत कोण कुणाजवळ बसतं, हे ज्या शिक्षकानं कधी लक्ष देऊन पाहिलंय त्याला मी काय म्हणते ते कळेल. पोरं आपली आपण बसली की गावच्या गल्ल्या जशाच्या तशा सीटवर येऊन बसतात.

गेटिसबर्गलाच पहाटेच्या धावेचा तो गाजलेला प्रसंग आहे, धुक्यातल्या दफनभूमीत बूनचं भाषण. इथं ५० हजार माणसं मेली असं तो म्हणतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या, १८६३च्या जुलैतल्या त्या तीन दिवसांच्या लढाईत मेलेले, जखमी झालेले, बेपत्ता झालेले असे सगळे मिळून आकडा ५० हजारांच्या वर जातो, मेलेले त्यापेक्षा खूप कमी. पण त्या युद्धातून गुलामगिरीचा कायदेशीर अंत झाला हे खरंच, आणि त्याची वार्ता आपल्यापर्यंत पोचली होती. १८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली तेव्हा ती अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशाही तिथंच लिहिली. आणि टायटन्स जिंकले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ साली, मुंबईत तरुण दलित लेखक-कार्यकर्त्यांनी आपल्या संघटनेला नाव दिलं दलित पँथर, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर या संघटनेवरून. या दोन टोकांमध्ये शंभर वर्षं आहेत. आमच्या वसतिगृहात त्या रात्री अकरा जणींपैकी एकीला हा धागा दिसत होता. बाकी दहा जणी लांबच्या देशातली गोष्ट बघत होतो.

दुसरी जागा रेची. हे समजायला अमेरिकन फुटबॉल थोडा माहीत हवा. चेंडू फेकणारा मागं उभा असतो, आणि त्याच्यापुढं आडदांड गड्यांची एक फळी असते. या फळीनं स्वतःचं अंग घालून समोरच्यांना अडवायचं असतं. त्यांनी अडवलं नाही तर फेकणारा चिरडला जातो. रे हा गोरा मुलगा या फळीत आहे, जेरीचा जुना दोस्त. एका सामन्यात तो समोरच्याला अडवायचं मुद्दाम सोडून देतो, आणि मागचा कृष्णवर्णीय खेळाडू जायबंदी होतो. बघणाऱ्याला वाटावं की नजरचूक झाली. जेरीला कळतं की ती चूक नव्हती. कर्णधार म्हणून निर्णय त्याच्यावर येतो आणि तो रेला संघातून काढतो. जेरीच्या डोळ्यांत तेव्हा लहानपणापासूनची मैत्री तुटताना दिसते.

रे काही शिव्या देत नाही, कुणावर हात उगारत नाही. तो फक्त एक पाऊल कमी टाकतो. भेदभाव बहुतेक वेळा असाच दिसतो, किंबहुना दिसतच नाही. तो पाहायला खेळातली नजर लागते.

आणि आपल्याला तर ही नजर शंभर वर्षांपूर्वीच यायला हवी होती. पळवणकर बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकत. युरोपियनांना हरवायचं म्हणून हिंदूंच्या संघानं त्यांना घेतलं. मैदानात सवर्ण खेळाडू आणि चांभार जातीतला मुलगा एकच चेंडू हाताळत होते. चहाच्या सुट्टीत मात्र बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या कुल्हडात चहा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. आपल्याच भाषेत, आपल्याच शहरात घडलेलं हे, आणि आम्ही बी.पी.एड.ला क्रीडेचा इतिहास शिकलो तेव्हा प्राचीन ऑलिंपिकवर वीस गुणांचा प्रश्न होता. बाळूंवर एक ओळ नव्हती.

आता माझ्या मैदानावरचं सांगते. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. गाव नि शाळा सांगत नाही.

खो-खोत पाटीवर आठ चौकांत आठ जणी बसतात, एकीचं तोंड इकडं, शेजारणीचं तिकडं. नववी पळते. पळणारीनं बसलेलीच्या मागून जाऊन तिच्या पाठीवर हात टेकवायचा आणि त्याच दमात ‘खो’ म्हणायचं. हात आधी, शब्द बरोबर. हात न टेकता नुसतं ‘खो’ म्हटलं तर फाउल, आणि तेवढ्यात समोरची धावणारी निसटते. खेळाचं अख्खं गणित त्या तळहातावर आहे.

त्या वर्षी आठवीत एक मुलगी आली, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. अंगानं काटकुळी, पण तिचा वेग बघून मी पहिल्याच दिवशी संघात घेतली. आठवडाभरात माझ्या लक्षात आलं की एक चांगली, तीन वर्षं खेळलेली मुलगी या नवीन पोरीला खो देताना हात मागंच ठेवतेय. वीतभर अंतरावर हात थांबतो, तोंडातून ‘खो’ निघतं. लांबून बघणाऱ्याला कळणार नाही. बाकीच्या सात जणींच्या पाठीवर तिचा हात सण्णकन पडत होता. कारण मला विचारावं लागलं नाही. तिलाही सांगता आलं नसतं कदाचित. तो हात घरून तसाच शिकून आला होता.

मी तिला बाजूला घेऊन बोलले नाही. आज वाटतं बोलायला हवं होतं का? पण त्या वेळी मला एकच सुचलं, शिट्टी. हात टेकला नाही की शिट्टी. फाउल, परत. फाउल, परत. पहिल्या संध्याकाळी चौदा वेळा वाजवली, कारण मी मोजत होते. बाकीच्या मुली वैतागल्या. त्यांना वाटलं मॅडम उगाच नियमाचा कीस काढतायत. बसलेली नवीन मुलगी दर वेळी अर्धवट उठायची, शिट्टी ऐकून पुन्हा बसायची. तिला सगळं कळत होतं. ती मागं वळून एकदाही पाहत नव्हती. तिच्या ताठ मानेकडं बघताना माझ्या घशात आवंढा यायचा, पण शिट्टी मी सोडली नाही.

तिसऱ्या दिवशी हात टेकला. बोटांची टोकं, चटका बसल्यासारखी. शिट्टी वाजली नाही. मग हळूहळू तळहात. पंधरा-वीस दिवसांत सरावाच्या घाईत ती विसरलीच की ही कुणाची पाठ आहे.

पुढं दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या डिजिटल वर्गात मी मुलींना ‘रिमेम्बर द टायटन्स’ दाखवला. मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगत होते. त्यांच्या प्रतिक्रिया आमच्या अकरा जणींपेक्षा फार वेगळ्या निघाल्या. टायटन्स मैदानात नाचत उतरतात तिथं त्या हसून लोळल्या, आणि आपणही तालुक्याला असंच जायचं असं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. गेटिसबर्गच्या भाषणाला दोघी जांभया देत होत्या. दवाखान्याच्या प्रसंगाला तिघी-चौघी रडल्या. रेचा प्रसंग आला तेव्हा ती तीन वर्षं खेळलेली मुलगी उठली. "मॅडम, पाणी पिऊन येते," म्हणाली. टाकी खिडकीला लागूनच आहे. नळाचा आवाज काही आला नाही. प्रसंग संपल्यावर ती येऊन जागेवर बसली. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

चित्रपट संपला, दिवे लावले, आणि मी नेहमीसारखं विचारलं, काय आवडलं? त्यावर ओढ्यापलीकडची मुलगी, जी वर्गात कधी तोंड उघडत नसे, तिनं विचारलं, "मॅडम, हे हरले असते तर?"

"म्हणजे?"

"हरले असते तर त्यांना परत वेगळं केलं असतं का?"

मी शिक्षिका. उत्तर द्यायचं माझं काम. मी म्हणाले, नाही, कायदा झाला होता. ते बरोबरच होतं. पण तिच्या प्रश्नात जे होतं त्याला ते पुरलं नाही. आपल्या चित्रपटांतही, तिकडच्याही, वगळलेल्यांना आत घेतलं जातं आणि मग ते जिंकून देतात. २७-०. ११४ बळी. जो जिंकून देत नाही, जो मध्यम खेळतो, ज्याचा झेल सुटतो, त्याच्यावर कोण चित्रपट काढतो? संघात ती वेगामुळं आली होती, हे तिला ठाऊक होतं. वेग कमी झाला तर काय, हे तिला विचारायचं होतं.

तालुक्याला आम्ही जिंकलो, नाचत उतरलो नाही, लाजलो. जिल्ह्याला उपांत्य फेरीत हरलो. आणि हरलो ते तिच्याच चुकीनं. शेवटच्या पाळीत तिनं घाईत सूर मारला, गडी हातातून सुटला, ती पालथी पडली आणि वेळ संपली. गुडघा सोलवटला होता. सगळ्या जणी धापा टाकत उभ्या होत्या, कुणी काही बोलेना. मी रेषेबाहेर, हातात पाण्याची बाटली आणि कापूस. पाय पुढं पडत नव्हते. पुढचं मिनिट मला माझ्या हातात नको होतं.

तीन वर्षं खेळलेली ती मुलगी जवळ गेली. तिच्या बाजूला उकिडवी बसली. बोलली काही नाही. तिच्या पाठीवरची माती झटकायला लागली, तळहातानं, जोरजोरात, रागही होता थोडा त्यात. मग "ऊठ," म्हणाली.

येताना एसटीत दोघी काही शेजारी बसल्या नाहीत. ते मी मुद्दाम पाहिलं. जिची तिची मैत्रीण जिच्या तिच्या शेजारी होती. ओढा आला तशी ती मुलगी लंगडत उतरली आणि वस्तीकडं चालू लागली.

रात्री मी थाळीफेकवाल्या मैत्रिणीला फोन केला. ती आता तिकडच्याच एका शाळेत आहे, तिचा स्वतःचा मुलींचा संघ आहे. हरलो म्हणून सांगितलं. त्या पोरीचा प्रश्नही सांगितला. ती बराच वेळ गप्प होती, त्या रात्रीसारखीच.

मग तिनं विचारलं, "खो कसा देतात आता तिला?"

"आवाज येतो," मी म्हणाले. "रेषेपर्यंत ऐकू येतो."

"सोमवारी सराव आहे?"

"आहे."

"तिला पहिल्या चौकात बसव," ती म्हणाली.